गळ्याला मऊच हवं

लोकरमावशी माणसाचा चेहरा विसरायच्या, मान विसरायच्या नाहीत. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्यांची नजर थेट त्याच्या हनुवटीखाली जाऊन थांबायची. या-बसा नंतर. आधी मान आखूड की लांब, गळ्याशी घाम येतो का, माणूस सारखी मान वळवत बोलणारा आहे का, हे बघून घ्यायचं. सत्तावीस वर्षं त्याच लोकरीच्या दुकानात, त्याच उंच स्टुलावर बसून त्या हे करत होत्या. थंडीच्या तोंडावर बायका गोल मफलरसाठी लोकर घ्यायला यायच्या. गोल मफलर म्हणजे टोकं नसलेला, डोक्यातून घालून गळ्याशी बसवायचा. काम दिसायला सोपं. टाके घाला, गोल जोडा आणि विणत सुटा. पण कसा विणायचा, कुठल्या विणीचा, केवढ्या उंचीचा, इथे भल्याभल्यांचं घोडं पेंड खायचं.

"मावशी, मला तो जाळीचा आवडलाय," एखादी म्हणायची.

"आवडलाय ना? मग भिंतीवर टांग. स्कूटरवरून कामाला जातेस, जाळीतून वारा काय तिकीट काढून आत येणार आहे?"

बायका हसायच्या आणि मावशी सांगतील तेच घेऊन जायच्या. मावशींच्या जिभेला धार होती खरी, पण सल्ला कधी वाया गेला नव्हता. शेवटी लोकर निवडायची वेळ आली की त्या गुंडा उचलून गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली हळूच घासायच्या आणि ठरलेलं वाक्य म्हणायच्या, "गळ्याला मऊच हवं." हे वाक्य त्यांनी किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे. त्यात चुकण्यासारखं काही असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्यांच्या यजमानांचं सलून त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून. समोर सगळे त्यांना काका म्हणत आणि पाठ वळली की रेडिओ. खुर्चीत माणूस बसला आणि गळ्याभोवती कापड बांधलं, की रेडिओ सुरू. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरात पाणी शिरलं, टक्कल पडण्याची खरी कारणं कोणती, सगळं. समोरच्याच्या तोंडाला साबणाचा फेस लावलेला असल्यामुळे त्याला मधे बोलायची सोयच नसे. बोलणाऱ्याची मातीसुद्धा विकली जाते म्हणतात. काकांच्या दुकानात तर लोक केस वाढले नसतानाही यायचे. दुसऱ्या खुर्चीवर काकांचा धाकटा भाऊ काम करायचा. तो दिवसभरात दहा शब्द बोलला तर पुष्कळ. "आमच्या घरातले सगळे शब्द दादानंच संपवले, माझ्या वाट्याला आलंय काय?" असं तो म्हणायचा, आणि तेही वर्षातून एकदा.

मग काकांचा घसा बसला. आधी सगळ्यांनी चेष्टा केली, रेडिओची बॅटरी उतरली म्हणून. घसा काही सुटेना. तपासण्या झाल्या, गाठ निघाली, आणि डॉक्टरांना काकांचं स्वरयंत्रच काढावं लागलं. मानेच्या तळाशी, जिथे शर्टाचं वरचं बटण येतं तिथे, कोटाच्या बटणाएवढं एक भोक राहिलं. यापुढे श्वास नाका-तोंडातून नाही, त्या भोकातून. जेवण तोंडानं करता येणार होतं. बोलणं नाही.

काका घरी आले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांमध्ये खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. मावशींनी एक शाळकरी वही आणली, तिला दोऱ्यानं पेन्सिल बांधली. पहिल्या आठवड्यात काकांनी पानंच्या पानं भरली. मग ओळी झाल्या, मग शब्द. चौथ्या महिन्यात वहीत नुसतं 'हो', 'नको', 'पाणी' एवढंच असायचं. दवाखान्यातून भोकावर बांधायला जाळीच्या कापडाचे पांढरे पट्टे मिळाले होते. घरात ते काका बांधायचे. एकदा धाकटा भाऊ येऊन म्हणाला, "वहिनी, दादाला नुसतं आणून बसवा हो दुकानात. गिऱ्हाइकं मला विचारून विचारून भंडावतात." तेव्हा काकांनी वही ओढली आणि लिहिलं: "लाळेरं बांधून? नाही."

त्या पट्ट्याला दुसरा शब्दच नव्हता. तान्ह्या पोराच्या गळ्यात बांधतात ते लाळेरंच ते. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्याला कापड बांधलेला माणूस स्वतःच्या गळ्याला ते बांधून रस्त्यावरून जाणार नव्हता.

थंडी पडायला लागली तशी एका सकाळी मावशी चहा ठेवत असताना वही त्यांच्यासमोर आली. "मला कामाला जायचंय." मावशींनी ते तीनदा वाचलं. घरात असा बसून राहिला तर हा माणूस गाठीनं नाही, भिंतीनं मरेल, हे त्यांना महिनाभर दिसत होतं आणि उपाय सुचत नव्हता. आता त्यानं स्वतःहून मागितलं होतं. त्या तशाच डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, पण गार हवा भोकातून सरळ फुप्फुसात जाते, म्हणून ते झाकायचं. झाकताना हवा मात्र खेळती राहिली पाहिजे.

मावशी रस्त्यातच हसल्या. गळ्याभोवती ऊबदार आणि हवेशीर! हे त्यांना कुणी शिकवायचं? हाताच्या कांकणाला आरसा कशाला!

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी हाताच्या पंजाएवढा एक चौकोन विणला. घट्ट सुलट-उलट पट्ट्यांचा, कारण त्या विणीचा मफलर मानेला चिकटून बसतो, घसरत नाही. विणून झाल्यावर त्यांनी तो स्वतःच्या नाका-तोंडावर रुमालानं बांधला आणि खाली उतरून तिन्ही मजले चढल्या. दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात शेजारीण दार उघडून बाहेर आली.

"अगबाई! दरोडा घालायला निघालात की काय?"

मावशींना उत्तर द्यायला श्वास नव्हता. पट्ट्यांची वीण बाद झाली.

दुसरा चौकोन जाळीचा. तो बांधून मावशी चढल्या, पुन्हा उतरल्या, पुन्हा चढल्या, काही त्रास नाही. पण काकांच्या गळ्याशी धरल्यावर जाळीतून ते भोक डोळा मिचकावल्यासारखं दिसायला लागलं. काकांनी हातआरशात पाहिलं आणि आरसा पालथा ठेवला.

तिसऱ्याला मावशींनी चार दिवस घेतले. जाड सुयांवर एक टाका सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत बरोबर त्याच्या उलटं, अशी सैल दाणेदार वीण. तिच्यातून आरपार दिसत नाही आणि हवा अडत नाही. पदर एकच, भोकापासून जरा सुटा राहील असा. उंची हनुवटीखालून शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत. आणि डोक्यातून घालायचा नाही. एका बाजूला उघडा ठेवून तीन मोठी बटणं, म्हणजे खोकला आला की एका झटक्यात उघडता येईल. त्या हे सगळं काकांना समजावत होत्या तेव्हा काकांनी वही मागितली आणि कितीतरी दिवसांनी पुरती ओळ लिहिली: "बटणं डावीकडे लाव. उजव्या हातात कात्री असते."

मावशी ती वही घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याशी उभं राहून पोटभर रडल्या.

राहिली लोकर. नमुने साध्या लोकरीचे होते, आणि ती काकांच्या मानेला सोसेना. शस्त्रक्रियेनंतरची कातडी ती. अर्ध्या तासात लाल व्हायची, काका बोटं घालून खाजवायचे. मावशींनी दुकानातल्या वरच्या फळीवरून निळ्या लोकरीचं खोकं काढलं. लांब, तलम केसांची, हातात घेतली तर आहे की नाही कळू नये अशी. अख्ख्या दुकानात तिच्याइतकं मऊ काही नव्हतं.

दुकानाची मालकीण गल्ल्यावरून म्हणाली, "मावशी, ती लोकर गळते बरं का. गेल्या थंडीत दोघींनी परत आणली. काळ्या कोटावर केस बसतात म्हणाल्या."

"आमच्याकडे कोट घालतंय कोण? गळ्याला मऊच हवं," मावशी म्हणाल्या आणि पाच गुंडे पिशवीत टाकले.

काका निळा मफलर घालून सलूनमध्ये गेले त्या दिवशी रस्त्यावरच्या लोकांनी उगाच आपापली कामं काढली आणि दारावरून चकरा मारल्या. भोक दिसत नव्हतं. मफलर दिसत होता, आणि तो इतका देखणा होता की दोघांनी विचारलंसुद्धा, कुठून घेतला. पहिल्या गिऱ्हाइकाची मान काकांनी हातानं वळवली, कात्री चालवली, आणि हात आजारपणाआधी चालायचा तसाच चालला. आता पंचाईत अशी झाली की दुकानात शांतता. ती कुणालाच सोसेना. मग गिऱ्हाइकंच बोलायला लागली. साबणाच्या फेसातून त्यांनी वर्षानुवर्षांचं साठलेलं बाहेर काढलं. धाकटा भाऊसुद्धा विनोद सांगायला लागला. त्याचे विनोद शेवटाला हमखास फसायचे. मग काका बोटावर फेस घेऊन आरशावर शेवटचा शब्द लिहायचे आणि दुकान खो-खो हसायचं. मावशी दुपारच्या सुट्टीत चार दुकानं ओलांडून यायच्या आणि काचेतून हे बघून, आत न शिरता, परत जायच्या. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी खोकला सुरू झाला.

तो कशानं आला हे दोघांनाही लगेच कळलं, म्हणजे कळलंय असं वाटलं. सलून म्हटलं की केस आले. हवेत उडतात, कपड्यांत शिरतात, चहात पडतात. काकांना हे पस्तीस वर्षं माहीत होतं. बारीक केस कुठून कुठे जाऊन टोचतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी वहीत लिहिलं: "दुकानातले केस आत जातायत." मावशींनाही पटलं. केस कापणाऱ्याच्या घरात खोकला आला तर चोर कोण, हे काय सांगायला हवं? उपायही उघड होता. मफलर आणखी जपून घालायचा. मावशींनी त्याच निळ्या लोकरीचा दुसरा विणला, जरा उंच, भोकाला जरा जवळ बसणारा. एक धुवायला, एक अंगावर. नुसता दुकानात नाही, घरातही. कपड्यांतून केस घरी येतात ना! झोपतानाही.

खोकला वाढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मावशींनी दुसऱ्यांना किती वेळा सुनावली होती.

एका सकाळी काकांनी मफलर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खिडकीशी जाऊन मोकळ्या गळ्यानं श्वास घेत उभे राहिले. मावशींनी पाहिलं आणि त्यांचा तोल सुटला.

"अहो, घाला आधी तो! मी इथे डोळे फोडून विणतेय आणि तुम्हाला जीव नकोसा झालाय का?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी लिहायला म्हणून वहीकडे हात नेला, मग राहू दिलं. मफलर उचलला, तिन्ही बटणं लावली आणि कामाला गेले.

त्याच दुपारी धाकटा भाऊ धावत लोकरीच्या दुकानात आला. मावशी पोचल्या तेव्हा काका स्वतःच्याच दुकानातल्या खुर्चीत मान मागे टाकून पडले होते, ओठ काळेनिळे. मफलर उघडा होता. बटणं डावीकडे होती, एका झटक्यात उघडली होती, सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. फक्त हवा आत जात नव्हती.

दवाखान्यात नर्सनं चिमट्यानं भोकातून एक वाळलेला गठ्ठा काढला. बोराच्या बीएवढा. काकांची छाती एकदम वर आली आणि ते घरघरत श्वास घ्यायला लागले. नर्सनं तो गठ्ठा स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून चिमट्यानं फोडला.

"यात केस आहेत."

"आमचं सलून आहे," मावशी म्हणाल्या. "मी म्हणतच होते. दुकानातले केस आत जातात हो त्यांच्या."

नर्सनं ट्रे त्यांच्यापुढे धरला. "निळे?"

मावशी बघत राहिल्या. तलम, लांब, निळे केस. एकात एक गुरफटलेले, कफानं घट्ट झालेले. ते कुठल्या खोक्यातले हे त्यांना नर्सपेक्षा चांगलं माहीत होतं.

"अहो, असलं केसाळ काही श्वासापाशी बांधतात का?" नर्स रागावून नाही, दमून बोलत होती. "आपल्याला कळत नसेल तर लोकरीतलं कळणाऱ्या कुणाला तरी विचारायचं."

धाकट्या भावानं मान खाली घातली. कुणाला विचारायला हवं होतं? सगळा गाव जिला विचारायला यायचा, ती तिथेच ट्रेसमोर उभी होती.

काका वाचले. पण तो एकच गठ्ठा नव्हता. बारीक केस खोल उतरले होते, छातीत पू झाला होता. एकोणीस दिवसांनी त्यांना घरी सोडताना डॉक्टरांनी मावशींना बाजूला घेतलं. फुप्फुसं आता पहिल्यासारखी होणार नाहीत. सलून बंद. धूळ बंद, थंडी बंद. जिना तर नाहीच नाही. दोघा जणांनी काकांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर आणलं, आणि ते ज्या दारातून आत आले त्यातून पुन्हा बाहेर जाणार नाहीत हे त्या जिन्यावर सगळ्यांना कळलं. काकांनाही.

मावशींनी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. लोकर गळते हे मला माहीत होतं, मालकिणीनं बजावलं होतं, मीच ऐकलं नाही, तुम्ही काढून ठेवलात तर मीच ओरडून घालायला लावला. त्या शिव्यांची वाट बघत बसल्या. पूर्वीचा रेडिओ असता तर तासभर ऐकवलं असतं, सात पिढ्यांचा उद्धार केला असता, आणि मावशींनाही तेवढ्यापुरतं बरं वाटलं असतं. काकांनी लिहिलं: "तुला काय माहीत."

क्षमा केली होती त्यांनी. मावशींना ती वाचवेना. मलाच तर माहीत होतं, माझ्याशिवाय होतं कुणाला, हे त्या रोज मनात म्हणायच्या, आणि तसं म्हटल्यानं कमी काही व्हायचं नाही.

दुकानात त्या परत गेल्या, कारण कुठेतरी जायला हवं होतं. पहिल्याच दिवशी एक नवी मुलगी मफलरची लोकर घ्यायला आली. मावशींनी गुंडा उचलला, तिच्या हनुवटीपर्यंत नेला, आणि हात तिथेच थांबला. मुलीची नाडी गळ्यापाशी उडताना त्यांना दिसत होती.

"कुठला घेऊ, मावशी?"

"तुला हवा तो घे," मावशी म्हणाल्या आणि गुंडा फळीवर ठेवून दिला. मालकीण गल्ल्यावरून बघत होती.

पण हात गप्प बसेनात. दोन्ही निळे मफलर उसवून, पिशवीत भरून त्यांनी टाकून दिले होते. आता त्यांनी सुती दोरा आणला, घट्ट पिळाचा, गुळगुळीत. तीनदा उकळत्या पाण्यातून काढला. त्याचा चौकोन विणून काळ्या कापडावर झटकला, चिकटपट्टी लावून ओढून पाहिला. एक तंतू दिसला तेव्हा तो दोरा टाकला आणि दुसरा आणला. सहा चौकोन त्यांनी बाद केले. सातवा काळ्या कापडावर झटकला, घासला, चोळला. कापड काळंच राहिलं. मग मफलर विणायला घेतला. वीण तीच दाणेदार, बटणं तिथेच. नर्सला नेऊन दाखवला. नर्सनं तो हातात फिरवून, ताणून पाहिला आणि म्हणाली, "हा अगदी बरोबर आहे. हाच हवा होता."

मावशींनी तो काकांच्या गळ्यात घातला. टोचला नाही. हवा अडली नाही. भोक दिसत नव्हतं. करड्या रंगात काकांचा चेहरा नीटनेटका दिसत होता, कामाला निघालेल्या माणसासारखा. त्यांनी हातआरशात बराच वेळ पाहिलं, मफलरची कड बोटानं सारखी केली आणि वही मागितली.

"छान झालाय."

मावशी वही परत घ्यायला वाकल्या, पण पेन्सिल अजून काकांच्या हातात होती. त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली.

"कुठे जायचंय?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते.

"कुठे नाही हो," मावशी म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. सावकाश एकेक बटण काढलं, मफलरची घडी घातली, ती मावशींच्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.